थायलंडला निघण्यापूर्वी : एका रेल्वेवाल्याची तयारी

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळातली काही कुटुंबं मिळून येत्या हिवाळ्यात थायलंडला जाणार आहेत, तेव्हा 'तुम्ही जाऊन आला आहात, तर चार शब्द सांगा' अशी आज्ञा झाली. मी प्रवासी कंपनीचा माणूस नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांच्या देखभालीत वीस वर्षं काढलेला साधा इंजिनिअर आहे. बँकॉकमध्ये काय काय बघावं हे सांगणारे इथे माझ्याहून जाणकार बसले आहेत. मी बोलणार आहे ते निघण्याच्या आधीच्या तीन महिन्यांबद्दल.

आमच्या खात्यात 'ब्लॉक' म्हणून एक प्रकार असतो. गाड्या तीन-चार तास बंद ठेवून रूळ बदलायचे. लोकांना ते चार तास दिसतात. पण त्याआधी पंधरा दिवस माणसं, सामान, यंत्रं, परवानग्या यांची जुळवाजुळव चाललेली असते. ब्लॉक सुरू झाल्यावर 'अरे, तो पाना कुठे आहे?' असं कुणी विचारलं की समजावं, आज गाड्या उशिरा सुटणार. परदेशची सहल अगदी तशीच. आणखी एक सांगतो. एखाद्या सेक्शनवर शंभर किलोमीटर रूळ उत्तम असले आणि एकच पूल कच्चा असला, तर त्या पुलावर गाडी कॉशन ऑर्डरच्या वेगानेच जाते. सहलीची आखणी घरातल्या तरुण पोराच्या वेगाने करू नका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या वेगाने करा. आमच्याबरोबर डिसेंबर 2024 मध्ये माझी आई होती. वय शहात्तर, मधुमेह, गुडघ्यांची तक्रार. 'मला कशाला नेता, मी घर सांभाळते' असं ती दोन महिने म्हणत होती. आज समोर बसलेल्या दोन-तीन आजी घरी हेच म्हणत असणार, याची मला खात्री आहे.

पहिल्यांदा अंतराची भीती घालवू या. नागपूरमार्गे हावड्याहून मुंबई सुमारे 1970 किलोमीटर. गीतांजलीने जायचं तरी तीस तासांच्या वर बसावं लागतं. ते आपल्या आजींनी पन्नास वेळा केलेलं आहे. दमदमहून बँकॉक विमानाने अडीच तासांच्या आसपास. हवाई अंतर मोजलं तर इथून मुंबई आणि इथून बँकॉक जवळजवळ सारखंच भरतं. घड्याळ फक्त दीड तास पुढे करायचं. फरक एवढाच, की तिथे आपला पास चालत नाही! आम्हां रेल्वेवाल्यांना तिकीट विकत घ्यायची सवय नसते, त्यामुळे त्या आकड्याने जरा धक्का बसतो.

बँकॉकला विमानतळ मात्र दोन आहेत, सुवर्णभूमी आणि दोन मुआंग. हावडा आणि सियालदह समजा. जायचं एका ठिकाणाहून आणि तिकीट दुसऱ्याचं, असा घोटाळा आपल्याकडे होतो तसा तिथेही होतो. परतीच्या तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे, ते लाल शाईने अधोरेखित करून ठेवा.

आता हंगाम. कोलकात्यात राहणाऱ्या माणसाला सुट्टी म्हटली की पूजोची सुट्टी. पण बँकॉकला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पडतो. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये तर तिथे असा पूर आला, की दोन मुआंग विमानतळ पाण्याखाली जाऊन कित्येक महिने बंद राहिला. पश्चिमेकडचा किनारा, म्हणजे फुकेट, क्राबी वगैरे, आपल्याच नैर्ऋत्य मान्सूनच्या तोंडावर आहे. मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला. कोकणात या दिवसांत होड्या बंद ठेवतात, ते आपल्याला ठाऊक आहे, पण तिथे पर्यटकांच्या बोटी चालूच असतात. 5 जुलै 2018 ला फुकेटजवळ वादळात बोट उलटून 47 पर्यटक बुडाले. म्हणून सांगतो, पैसे भरलेले असले तरी आकाश बघून 'नाही' म्हणायची तयारी ठेवा. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल नको. लाल बावट्याचा अर्थ रेल्वेवाल्याला तरी वेगळा सांगायला नको.

गंमत अशी, की पूर्वेकडच्या आखातातल्या सामुई बेटाचं वेळापत्रक उलटं आहे. तिथे पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि नोव्हेंबर सर्वांत वाईट. म्हणजे 'नोव्हेंबर चांगला' असं कुणी सांगितलं, तर 'कुठल्या किनाऱ्याचा?' असं विचारा. सगळीकडे बऱ्यापैकी सुखाचे दिवस म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. पण मुलांच्या शाळा! आम्ही नाताळची सुट्टी धरली, गर्दी आणि वाढलेले दर सोसले. नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांना एक लाभ होतो. आपली त्रिपुरी पौर्णिमा तोच त्यांचा लॉय क्राथोंग. केळीच्या पानांच्या द्रोणात दिवे लावून नदीत सोडतात. आणि आपल्या शेजाऱ्यांच्या पोयला बैशाखच्या सुमारास, 13 ते 15 एप्रिलला, त्यांचं नववर्ष सोंगक्रान. शब्द आपलाच, संक्रांत. रस्तोरस्ती एकमेकांवर पाणी उडवतात. ऊन मात्र कोलकात्याला लाजवेल असं, तेव्हा आजींना एप्रिलमध्ये नेऊ नये.

कागदपत्रांवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. आपण मराठी माणसं इथे राहतो, त्यामुळे आपली एक खास अडचण आहे. आपलं नाव तीन डब्यांची गाडी. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. बायकांची नावं लग्नानंतर बदललेली, काहींची आडनावाबरोबर पहिलं नावही. त्यात मुलं इथे जन्मलेली. बंगालीत 'व' चा 'ब' होतो, हे सांगायला नको. घरात विशाल, जन्मदाखल्यात बिशाल, शाळेच्या दाखल्यात पुन्हा विशाल. देशात हे खपून जातं. परदेशात पासपोर्टवर जे छापलं आहे ते आणि तेच तुमचं नाव. विमानाचं तिकीट, विम्याचा कागद, हॉटेलचं आरक्षण, सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच हवं. आमच्या तिकिटांवर सौभाग्यवतींचं मधलं नाव गाळलेलं होतं. एजंट म्हणाला, 'चालतं हो.' मी म्हटलं, चालत असेल, पण आमच्यात मोजमाप घेतल्याशिवाय रूळ टाकत नाहीत. दोन दिवसांत दुरुस्त करून घेतलं. तेव्हा घरी गेल्यावर सर्वांचे पासपोर्ट एका ओळीत मांडा. नावं बघा, आणि मुदत बघा. प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षांची असते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

आम्ही गेलो तेव्हा व्हिसाचं सोपं झालं होतं. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना तीस दिवसांसाठी व्हिसाविना प्रवेश दिला आणि 15 जुलै 2024 पासून ती मुदत साठ दिवसांची केली. असे नियम सरकारं बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एकदा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. 1 मे 2025 पासून दुसरी एक गोष्ट आली आहे. विमानात कार्ड भरायचं ते बंद झालं, त्याऐवजी पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत संगणकावर किंवा मोबाइलवर माहिती भरायची. हे काम फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. ज्यांना जमत नाही त्यांनी नातवंडांना बसवावं, पण स्पेलिंग स्वतः तपासावं.

सरकारी नोकरांसाठी एक वेगळा परिच्छेद. रजा मंजूर झाली म्हणजे परदेशी जायची परवानगी मिळाली, असं नाही. खाजगी परदेश प्रवासाची परवानगी वेगळी मागावी लागते. केंद्र सरकारच्या 2015 सालच्या ज्ञापनाप्रमाणे 21 दिवसांत कार्यालयाने उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरता येतं. नियम चांगला आहे. तरी मी लेखी कागद हातात आल्यावरच पैसे भरले. आमच्याकडे फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर कशी जाते ते मी रोज बघतो, म्हणून अर्ज दोन महिने आधी दिला होता.

यानंतर औषधं आणि विमा. रेल्वेच्या माणसाला बी. आर. सिंग किंवा गार्डन रीच इस्पितळाची सवय. कार्ड दाखवलं की उपचार. समुद्र ओलांडला की ते कार्ड म्हणजे नुसता कागद. बँकॉकची खाजगी इस्पितळं उत्तम आहेत, जगभरातून लोक तिथे उपचाराला येतात, पण बिलही त्याच मापाचं येतं. म्हणून प्रवास विमा घ्या, आणि घेताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी, जे असेल ते खरं लिहा. हप्ता थोडा वाढेल. आईचा अर्ज भरताना एका एजंटाने सुचवलं, 'शुगर कशाला लिहिता?' त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगी पडत नाही. पुलाखालचा तडा रंगाने झाकण्यातला प्रकार आहे तो.

औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या, मूळ पाकिटात. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तीत औषधाचं कंपनीचं नाव न लिहिता मूळ नाव लिहून घ्या. तिथल्या दुकानदाराला आपल्या कंपन्या कशा ठाऊक असणार? झोपेच्या गोळ्या आणि काही जबर वेदनाशामकं यांवर थायलंडमध्ये कडक निर्बंध आहेत, काहींना आगाऊ परवाना लागतो. असं काही चालू असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकून खाली देऊ नका. डासांचं मलम घ्या. डेंगी तिथेही आहे, आणि कोलकातेकरांना डेंगीचं पुराण लावण्याची गरज नाही.

चाकाची खुर्ची मागायला आपल्याकडचे वडीलधारे लाजतात. आईही लाजत होती. सुवर्णभूमीवर विमानातून उतरल्यावर पासपोर्ट तपासणीपर्यंत किती चालावं लागतं, ते ऐकल्यावर तयार झाली. तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा, निदान दोन दिवस आधी. दिवसाला एकच मोठं ठिकाण, दुपारी दोन तास खोलीत विश्रांती, हा आमचा नियम होता. राजवाड्याला सकाळी गेलो. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आईची नऊवारी बघून दारावरच्या बाईने कौतुकाने हात जोडले, आणि आमच्या चिरंजीवांना अर्ध्या चड्डीवर जाता येणार नाही म्हणून पँट घालावी लागली.

तरुणांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. स्कूटर. फुकेटमध्ये पासपोर्ट गहाण ठेवून कुणीही स्कूटर भाड्याने देतो. ओळखीतल्या एका मुलाचा तिथे पाय मोडला. त्याच्याकडे परवाना होता फक्त मोटारीचा. विमा कंपनीने दावा नाकारला आणि शस्त्रक्रियेचे पैसे भरायला वडिलांना ठेव मोडावी लागली. चालवायचीच असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, त्यात दुचाकी आहे का बघा, हेल्मेट घाला. आणि पासपोर्ट कुणाकडेही गहाण ठेवू नका. त्यापेक्षा टॅक्सी बरी.

दुसरी गोष्टही तरुणांचीच. थायलंडने 2022 मध्ये गांजावरची बंदी उठवली होती. 2025 मध्ये पुन्हा निर्बंध घालून तो वैद्यकीय चिठ्ठीपुरता ठेवला. तिथे काहीही असो, आपल्याकडे तो गुन्हाच आहे, आणि बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात तो सापडल्याच्या बातम्या भारतातल्या विमानतळांवरून वारंवार येतात. 'एवढं पाकीट तेवढं घरी पोचवा हो' असं कुणीही म्हटलं, अगदी मराठी बोलणारा असला, तरी नाही म्हणा. तसंच 'फिरायला या, नोकरीही देतो' असं सांगणारे. थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन संगणकावरच्या फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या 549 भारतीयांना मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे काम करता येत नाही, हे घरातल्या बेकार पोराला आधी सांगून ठेवा.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी मंडळींनी 'मांगसाविरत' हा शब्द पाठ करावा. आपला 'मांसविरति' तो! पण त्यातही माशाचं पाणी घालतात कधी कधी, ते सोया सॉससारखं दिसतं. अगदी काटेकोर हवं असेल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं शोधा. बंगालमध्ये राहून माशाच्या वासाला आपण सरावलेलो आहोतच. बाकी दशम्या, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्यावं. लोणचं मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत.

पैशांचंही थोडक्यात. थोडे बाट इथूनच घेऊन जा, बाकी कार्डावर. तिथल्या एटीएमला परदेशी कार्डामागे दर खेपेला दोनशेहून जास्त बाट शुल्क पडतं, तेव्हा रोज थोडे थोडे काढू नका. कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस म्हणून जी रक्कम कापतात तिचं प्रमाणपत्र मागून घ्या. आयकराच्या विवरणात ती वळती होते. ही गोष्ट कंपनीवाले आपणहून सांगत नाहीत.

आता अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं तरी रेल्वेबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. थायलंडची रेल्वे मीटर गेज. बँकॉकजवळ मेक्लोंगला बाजारातून गाडी जाते. रुळांवर भाजी मांडलेली, भोंगा वाजला की छत्र्या मिटतात, गाडी टोपल्यांवरून जाते, पुन्हा बाजार. आमची मंडळी टाळ्या वाजवत होती आणि मी रुळापासून टोपलीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत होतो. आमच्या सेक्शनवर असं दिसलं असतं तर मला दहा स्पष्टीकरणं द्यावी लागली असती! मुलांना मात्र हात धरून मागे उभं करा. गाडी हळू असते, पण अंगाला चाटून जाते.

कांचनाबुरीला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सयाम ते ब्रह्मदेश असा 415 किलोमीटरचा मार्ग 1942 मध्ये काढायला घेतला आणि ऑक्टोबर 1943 मध्ये दोन्ही टोकं जुळवली. डोंगर, जंगल, मान्सून, आणि हाती मुख्यतः कुदळ-फावडी. हे काम इतक्या कमी वेळात का झालं, ते रेल्वेच्या माणसाला लगेच कळतं. माणसं मोजली नाहीत म्हणून झालं. बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. त्यांच्या कबरी तिथे ओळीने, नावानिशी, हिरवळीत जपलेल्या आहेत. पण त्यांच्या कित्येक पट मजूर मेले, त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तामीळ लोक फार होते. त्यांच्या नावाचे दगड दिसत नाहीत. क्वाई नदीवरचा पूल बघायला सगळे जातात, फोटो काढतात. तुम्हीही काढा. पण थोनबुरी स्टेशनवरून साध्या गाडीने नाम तोकपर्यंत जा. थाम क्रासे इथे कड्याला चिकटून लाकडी पुलावरून गाडी सावकाश जाते. मी खिडकीतून खालचे लाकडी खांब बघत होतो. आईने विचारलं, 'हे कुणी बांधलं?' मी तामीळ मजुरांचं सांगितलं. तिने पिशवीतून दोन चिमट्या साखर काढून खिडकीबाहेर सोडली. पुढच्या स्टेशनपर्यंत आम्ही कुणी बोललो नाही.

या भागाला जायचं तर आधी वाचून जा, आणि मुलांनाही सांगा. हीदेखील तयारीच. शिवाय गाडीत पंखेच असतात, तेव्हा पाणी आणि टोपी.

शेवटी घर. पासपोर्ट, तिकीट, विमा यांच्या प्रती इथे मागे राहणाऱ्या कुणाकडे तरी द्या, एक प्रत प्रत्येकाच्या बॅगेत ठेवा. तिथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155, रुग्णवाहिकेचा 1669. आपला दूतावास बँकॉकला सुखुमवित भागात तेविसाव्या गल्लीत आहे. मोबाइल बंद पडतो, म्हणून हे सगळं कागदावर लिहून आजींच्या बटव्यातही ठेवा. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच न्यायची. गॅसचा नळ बंद, गावदेवीला नारळ, शेजारच्या दादांकडे किल्ली.

मी नावं, पासपोर्टची मुदत, औषधं आणि विमा यांचा एक तक्ता करून आणला आहे. चहाच्या टेबलाशी ठेवतो. ज्या कुटुंबांना जायचं आहे त्यांनी एकेक घ्यावा, आणि वडीलधाऱ्यांचा रकाना आधी भरावा. कुणाच्या पासपोर्टवर 'व' चा 'ब' झालेला असेल त्यांनी आजच मला भेटावं, दुरुस्तीला वेळ लागतो.